निवडणुकीतल्या पौंडांचा हिशेब

भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये मत देता येते, हे इथे बरीच वर्षे राहिलेल्या मराठी माणसांनाही अनेकदा ठाऊक नसते. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे इथे राहण्याचा कोणत्याही प्रकारचा वैध परवाना हाती असलेला अठरा वर्षांवरचा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतो आणि संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. यादीत नाव आले की राजकीय पक्षाला किंवा उमेदवाराला देणगी देण्याचा हक्कही मिळतो. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की उमेदवार म्हणून उभेही राहता येते. ब्रिटिश नागरिकत्व घेईपर्यंत थांबायची गरज नाही.

हॅरो, हाउन्स्लो, स्लाव, मिल्टन कीन्स या भागांतली आपली माणसे शाळेच्या गव्हर्नर मंडळांवर, मंदिरांच्या समित्यांवर, रहिवासी संघटनांमध्ये काम करतात. त्यांतून कुणीतरी कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहायचे ठरवते. मित्र पत्रके वाटायला तयार असतात, घरोघर फिरायला माणसे मिळतात. अडचण येते ती पैशाच्या हिशेबात. आपल्याकडे मदत करण्याची रीत मनमोकळी आहे. कुणी छपाई करून देतो, कुणी हॉल देतो, कुणी पाकीट हातात ठेवतो आणि नाव सांगू नका म्हणतो. ब्रिटनच्या कायद्यात या प्रत्येक मदतीला किंमत आहे, नाव आहे, तारीख आहे. हा लेख अशा उमेदवारांसाठी, त्यांचा हिशेब सांभाळणाऱ्यांसाठी आणि त्यांना पैसे देऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. यातले आकडे इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये स्थानिक निवडणुकांचे नियम तिथल्या संसदा ठरवतात, म्हणून तिथल्या वाचकांनी मर्यादा वेगळ्या पाहाव्यात. आकडे मधूनमधून वाढतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी इलेक्टोरल कमिशनच्या चालू मार्गदर्शिकेवर एकदा नजर टाकाच.

या व्यवस्थेचा पाया १८८३ चा. १८८० च्या निवडणुकीत मते विकत घेण्यावर, दारू पाजण्यावर, गाड्याघोड्यांवर अफाट पैसा उधळला गेला. त्यानंतर ग्लॅडस्टन यांच्या सरकारने भ्रष्ट आणि बेकायदा निवडणूक प्रथांविरुद्ध कायदा केला. उमेदवाराच्या खर्चावर कमाल मर्यादा आली आणि प्रत्येक पैशाला जबाबदार असा निवडणूक प्रतिनिधी नेमणे बंधनकारक झाले. नऊ वर्षांनी, १८९२ मध्ये, मुंबईच्या दादाभाई नौरोजींनी सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी विजय मिळवला तो हा कायदा लागू असतानाच. परक्या देशात, मोठ्या जहागिरीचे पाठबळ नसलेल्या माणसाला निवडणूक लढवता येण्यात अशा मर्यादांचा वाटा असतो, असे मला वाटते. खर्चाला छप्पर नसेल तर सामान्य माणूस उंबरठ्यावरच थांबतो.

पक्षांच्या खर्चाकडे मात्र या कायद्याने पाहिलेच नाही. ती उणीव शंभरावर वर्षे राहिली. १९९७ मध्ये फॉर्म्युला वनचे प्रमुख बर्नी एक्लस्टन यांनी लेबर पक्षाला दहा लाख पौंड दिल्याचे उघड झाले. त्याच सुमारास सरकारने तंबाखूच्या जाहिरातबंदीतून मोटारशर्यतींना सूट देण्याचा विचार केला होता. वाद झाला आणि पक्षाने पैसे परत केले. लॉर्ड नील यांच्या समितीने १९९८ मध्ये शिफारशी केल्या, २००० मध्ये पक्ष, निवडणुका आणि सार्वमत यांचा कायदा झाला आणि त्यातून इलेक्टोरल कमिशन उभे राहिले.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाच्या डोक्यात इथे एक गोंधळ हमखास होतो. भारतात निवडणूक आयोग मतदान घेतो, मोजणी करतो, आचारसंहिता लावतो आणि उमेदवाराचा खर्चही तपासतो. महापालिका आणि ग्रामपंचायतींसाठी राज्य निवडणूक आयोग तेच करतो. ब्रिटनच्या इलेक्टोरल कमिशनकडे इतके काही नाही. मतदान घेते तुमची कौन्सिल, म्हणजे तिचा रिटर्निंग ऑफिसर. उमेदवाराच्या खर्चाचे विवरण त्याच्याच कार्यालयात द्यायचे असते. पण तो ते तपासत नाही. स्वीकारतो, जपून ठेवतो आणि मागेल त्याला दाखवतो. त्यात लबाडी असल्याची तक्रार असेल तर ती पोलिसांकडे जाते. प्रत्येक पोलीस दलात निवडणुकीच्या गुन्ह्यांसाठी एक नेमलेला अधिकारी असतो. निकालच रद्द करून हवा असेल तर निवडणूक न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत फार थोडी, साधारण २१ दिवसांची असते. कमिशनचे अधिकार चालतात ते पक्षांवर, देशपातळीवरच्या प्रचारावर, पक्षाबाहेरून प्रचार करणाऱ्या संघटनांवर आणि सार्वमतांवर. तिथे ते चौकशी करू शकते आणि एका गुन्ह्याला कमाल २०,००० पौंडांपर्यंत दंड लावू शकते. कोट्यवधींचा खर्च करणाऱ्या पक्षाला ही रक्कम किरकोळ आहे. कमिशननेच हे अनेकदा सांगितले आहे आणि जुलै २०२५ च्या धोरणपत्रात सरकारने ती पाच लाखांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव मांडला. ही वाढ फार आधीच व्हायला हवी होती.

याचा अर्थ असा, की उमेदवार म्हणून तुमचा हिशेब आधी कुणी तपासून देणार नाही. कमिशन फोनवर आणि ईमेलवर सल्ला देते, तो मोफत आहे आणि चांगला असतो. पण बरोबर की चूक हे बहुधा विरोधी उमेदवाराचा कुणी समर्थक कौन्सिलच्या कार्यालयात बसून तुमचे कागद उलटतो तेव्हाच कळते.

आता प्रत्यक्ष मर्यादा. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या निवडणुकीत उमेदवाराला ९६० पौंड अधिक वॉर्डातल्या दर मतदारामागे ८ पेन्स इतका खर्च करता येतो. वॉर्डात ९,००० मतदार असतील तर ७२० मिळवून १,६८० पौंड. लंडनच्या बहुतेक वॉर्डांतून दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात आणि एका पक्षाचे उमेदवार एकच पत्रक, एकच प्रतिनिधी घेऊन लढतात. कायद्याच्या भाषेत ते संयुक्त उमेदवार झाले. दोघे असतील तर प्रत्येकाची मर्यादा चौथ्या हिश्शाने घटते, तिघे असतील तर एक तृतीयांशाने. म्हणजे वरच्या उदाहरणात तिघांना प्रत्येकी १,१२० पौंडच. हे ठाऊक नसल्याने पहिल्याच पत्रकाच्या छपाईत मर्यादेजवळ पोहोचलेले उमेदवार असतात. तुलनेसाठी, २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संसदेच्या उमेदवाराला अखेरच्या टप्प्यात ११,३९० पौंड आणि शहरी मतदारसंघात दर मतदारामागे ८ पेन्स, ग्रामीण मतदारसंघात १२ पेन्स अशी मुभा होती. पक्षांना देशपातळीवरच्या प्रचारासाठी वेगळी मर्यादा आहे, लढवलेल्या दर मतदारसंघामागे ५४,०१० पौंड. भारतात लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला काहीच मर्यादा नाही. ब्रिटनने दोन्ही बांधले, हे मला या व्यवस्थेचे मोठे बळ वाटते. देणगीच्या रकमेवर मात्र इथे कमाल मर्यादा नाही. एक श्रीमंत माणूस पक्षाला वाटेल तेवढे देऊ शकतो, फक्त ते जाहीर झाले पाहिजे. पक्षाच्या मध्यवर्ती कार्यालयाने ११,१८० पौंडांवरची प्रत्येक देणगी कमिशनला कळवायची असते आणि ती सर्वांना पाहता येते.

खर्चात काय धरायचे? पत्रके, जाहिराती, फेसबुकवर पैसे देऊन पसरवलेला मजकूर, सभेचा हॉल, प्रचाराचे कार्यालय, प्रवास, पगारी माणसे. वस्तू केव्हा विकत घेतली यापेक्षा ती केव्हा वापरली हे महत्त्वाचे. जानेवारीत छापलेले फलक एप्रिलच्या प्रचारात लावले तर ते एप्रिलच्या खर्चात धरले जातात. स्वयंसेवकांचा वेळ मोजला जात नाही, तुमची स्वतःची गाडी आणि घरचा संगणकही नाही. वीस पौंड किंवा त्यावरच्या प्रत्येक रकमेला बिल किंवा पावती हवी.

सवलतीकडे जास्त लक्ष द्यावे लागते. ओळखीचा छापखानेवाला सहाशे पौंडांचे काम चारशेत करून देतो. आपल्या दृष्टीने हा स्नेह झाला. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही सहाशे पौंड खर्च केले आणि त्या माणसाने तुम्हाला दोनशे पौंडांची देणगी दिली. सवलत दहा टक्क्यांहून जास्त असेल आणि फरक पन्नास पौंडांवर जात असेल तर पूर्ण किंमत खर्चात लिहावी लागते. मग तो छापखानेवाला देणगी द्यायला पात्र आहे का, हेही तपासावे लागते. सर्व ग्राहकांना मिळणारी सवलत चालते. केवळ तुमच्यासाठी दिलेली असेल तर बाजारभाव विचारून घ्या आणि तो कागद फाइलला लावा.

फुकट मिळालेल्या मदतीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ मध्ये साउथ थॅनेट मतदारसंघात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या मुख्यालयातून आलेल्या माणसांनी हॉटेलात राहून प्रचार केला. तो खर्च पक्षाचा की उमेदवाराचा, यावर खटला उभा राहिला. जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने म्हटले, की उमेदवाराने परवानगी दिलेली नसली तरी त्याच्यासाठी वापरली गेलेली मदत त्याच्या खर्चात येऊ शकते. जानेवारी २०१९ मध्ये तिथले खासदार क्रेग मॅकिनले निर्दोष सुटले, पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याला मात्र स्थगित तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०२२ च्या निवडणूक कायद्याने नियम स्पष्ट केला. उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने स्वतः वापरलेली, सांगितलेली, मान्य केलेली किंवा उत्तेजन दिलेली मदत मोजायची. म्हणून पक्षाच्या कार्यालयातून कुणी येऊन तुमच्या वॉर्डात काही करत असेल, तर आधी लेखी विचारून घ्यावे, की हे कोणाच्या खात्यावर.

देणगीत पन्नास पौंडांची रेषा लक्षात ठेवा. उमेदवाराला मिळालेली पन्नास किंवा त्याखालची रक्कम कायद्याने देणगी ठरत नाही. त्यावर गेली की देणारा पात्र असायलाच हवा. पात्र म्हणजे ब्रिटनच्या मतदार यादीत नाव असलेली व्यक्ती, इथे नोंदलेली आणि इथे खरोखर व्यवसाय करणारी कंपनी, नोंदणीकृत पक्ष, कामगार संघटना आणि अशाच काही संस्था. पुण्यातले मामा, दुबईतला मावसभाऊ, नाशिकची कंपनी यांच्याकडून पन्नास पौंडांवर काहीही घेता येत नाही, मग नाते कितीही जवळचे असो. रक्कम आली की तीस दिवसांत तपासणी करायची आणि देणारा अपात्र निघाला तर पैसे परत करायचे. तीस दिवस उलटले की ती तुम्ही स्वीकारली असे धरले जाते. देणाऱ्याचे नाव कळतच नसेल तर पैसे ज्या बँकेतून आले तिकडे परत पाठवायचे. बँकही कळत नसेल तर इलेक्टोरल कमिशनकडे. पन्नासपन्नासचे तुकडे करून मोठी रक्कम घेणे हा नियम चुकवण्याचा प्रकार आहे, त्या वाटेला जाऊ नका.

मतदार यादीची तपासणी देणगी मिळाली त्या तारखेची हवी, याचे सर्वांत बोलके उदाहरण युकिप पक्षाचे. अ‍ॅलन बाउन हे त्यांचे नेहमीचे देणगीदार. डिसेंबर २००४ ते फेब्रुवारी २००६ या काळात त्यांनी ३,४९,२१६ पौंड दिले. तेवढ्याच काळात त्यांचे नाव यादीतून गेले होते. त्यांना यादीत असण्याचा पूर्ण हक्क होता, ते ब्रिटनमध्येच राहत होते, पैसा त्यांचाच होता. तरीही कमिशनने सगळी रक्कम जप्त व्हावी म्हणून न्यायालय गाठले. पहिल्या न्यायालयाने १४,४८१ पौंड जप्त केले, अपील न्यायालयाने सगळी रक्कम जप्त करायला सांगितले आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी मूळ निर्णय कायम केला. आपल्याकडे घर बदलणारी माणसे पुष्कळ, भाड्याने राहणारी त्याहून जास्त. यादीत नाव आहे ना, असे नुसते विचारून भागत नाही. त्या दिवशीच्या यादीतली नोंद कौन्सिलच्या निवडणूक कार्यालयातून पाहून, तिचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी.

आता वर्गणी. गणेशोत्सवाला जशी गल्लीतून वर्गणी जमते आणि शेवटी एकाच्या हातून ती खजिनदाराकडे जाते, तशी निवडणुकीसाठी जमवायची असेल तर पावतीपुस्तक अधिक कडक हवे. समजा, कुणा हितचिंतकाने दहा घरांतून शंभर शंभर पौंड गोळा केले आणि हजार पौंड स्वतःच्या खात्यातून पाठवले. कायद्याच्या दृष्टीने ही दहा वेगवेगळ्या माणसांची देणगी आहे. जमवणाऱ्याने दहाही नावे, पत्ते आणि रकमा दिल्याच पाहिजेत, प्रत्येकाची पात्रता वेगळी तपासली गेली पाहिजे. दुसऱ्याचा पैसा स्वतःच्या नावाने देणे हा गुन्हा ठरू शकतो. २००७ मध्ये डेव्हिड अब्राहम्स या व्यावसायिकाने सहा लाखांवर पौंड मध्यस्थांच्या नावाने लेबर पक्षाला दिल्याचे उघड झाले, तेव्हा पक्षाच्या सरचिटणीसांना पद सोडावे लागले. अखेरीस खटला झाला नाही, पण पक्षाची अब्रू गेलीच.

मंडळांनी तर दुप्पट जपावे. १९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळापासून अलीकडच्या लहानलहान गावांतल्या मंडळांपर्यंत आपल्या समाजाची ताकद या संस्थांत आहे. ज्या संस्थेची धर्मादाय म्हणून नोंद आहे, तिला कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पैसे देता येत नाहीत. एकाच उमेदवाराला हॉल फुकट देणे, सभासदांच्या ईमेल यादीवरून त्याचा प्रचार पाठवणे हेही त्यातच मोडते. सर्व उमेदवारांना एका मंचावर बोलावून प्रश्न विचारायला मात्र मुभा आहे, आणि मंडळांनी ते जरूर करावे. उमेदवार अध्यक्ष किंवा खजिनदार असेल तर प्रचाराच्या काळात त्याने मंडळाच्या बँक खात्यापासून आणि यादीपासून हात दूर ठेवावा.

सभेनंतर वडापाव ठेवायचे का, असे लोक विचारतात. चहा-बिस्किटांवर कुणी तक्रार करत नाही, पण मत मिळवण्यासाठी खाऊ घालणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. २०१५ मध्ये साउदॅम्प्टन इचेनमध्ये एका उमेदवाराच्या कार्यक्रमात लोकांना सॉसेज रोल वाटले गेले आणि पोलिसांनी चौकशी केली. पुढे कारवाई झाली नाही, पण ऐन प्रचारात उमेदवाराला ते निस्तरावे लागले. जेवणावळ मतदानानंतरच ठेवावी असा माझा सल्ला आहे.

प्रत्येक छापील पत्रकावर छापणाऱ्याचे, प्रसिद्ध करणाऱ्याचे आणि ज्याच्यासाठी ते आहे त्याचे नाव आणि पत्ता असलाच पाहिजे. १ नोव्हेंबर २०२३ पासून हा नियम इंटरनेटवरच्या प्रचारालाही लागू झाला. उमेदवाराने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले मराठी चित्रपत्रकही त्यात येते. काकूंनी तेच चित्र जसेच्या तसे पुढे पाठवले तर त्यांच्यावर जबाबदारी नाही. पक्षाबाहेरच्या कुणी स्वतःच्या खिशातून उमेदवारासाठी जाहिरात काढायची ठरवली तर त्याला वेगळी आणि फारच लहान मर्यादा आहे. संसदेच्या निवडणुकीत ती ७०० पौंड, कौन्सिलच्या निवडणुकीत त्याहून पुष्कळ कमी.

निवडणूक प्रतिनिधी नेमला नाही तर उमेदवार आपोआप स्वतःचा प्रतिनिधी होतो. शक्य असेल तर दुसरा माणूस नेमा, आणि तो भाषण करणारा नको, बिले जपणारा हवा. बिले निकालानंतर २१ दिवसांत मागवायची, २८ दिवसांत चुकती करायची, ३५ दिवसांत विवरण रिटर्निंग ऑफिसरकडे द्यायचे. हरलेल्या उमेदवारालाही ते द्यावे लागते. एक पौंडही खर्च केला नसेल तर शून्य खर्चाचे विवरण द्यावे लागते. पराभवानंतर घरी बसलेले उमेदवार हेच विसरतात. त्यावर उमेदवार आणि प्रतिनिधी दोघांच्या सह्या असतात आणि जाणूनबुजून खोटी सही करणे हा भ्रष्ट आचरणाचा गुन्हा आहे. दोषी ठरल्यास पाच वर्षे निवडणुकीपासून दूर राहावे लागते. बेकायदा आचरण असेल तर तीन वर्षे.

मोठ्या पक्षांचाही हिशेब चुकत नाही असे नाही. २०१५ मध्ये लेबर पक्षाने आश्वासने कोरलेली एक प्रचंड शिळा प्रचारात आणली. तिचे ७,६१४ पौंडांचे बिल विवरणात आले नाही. इतरही नोंदी गळल्या होत्या, आणि २०१६ मध्ये पक्षाला २०,००० पौंडांचा दंड झाला. विवरण भरल्यावर चूक तुमच्याच लक्षात आली तर गप्प बसू नका. रिटर्निंग ऑफिसरला लगेच लेखी कळवा आणि वकिलाला भेटा. अजाणता झालेल्या चुकीसाठी न्यायालयाकडे सवलत मागता येते. न्यायालय ती देताना माणूस किती लवकर पुढे आला हे पाहते.

भारताकडे जाणाऱ्या पैशाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेला माणूस, हातात ओसीआय कार्ड असले तरी, भारतातल्या पक्षाला देणगी देऊ शकत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात तो परदेशी स्रोत ठरतो. गावाकडच्या निवडणुकीसाठी कुणी पैसे मागितले, तर हेच सांगून नकार द्यावा.

या सगळ्याची तयारी म्हणून एक काम आजच करता येईल. तुमच्या वॉर्डातल्या गेल्या निवडणुकीच्या उमेदवारांची खर्चाची विवरणे कौन्सिलच्या निवडणूक कार्यालयात निकालानंतर दोन वर्षांपर्यंत पाहायला मिळतात. कारण सांगावे लागत नाही, आधी ईमेल करून वेळ घेतली की पुरे. जिंकलेल्याने पत्रकांवर किती घातले, ऑनलाइन जाहिरातींवर किती, छपाई कुठे केली, देणगी कोणी दिली, हे सगळे बिलांसकट त्यात असते. हरलेल्यांचेही वाचा.